दोन बोटं दबली पाहिजेत

माणसाला त्याचं वजन विचारू नये. तो खोटं सांगतो. उंची विचारली तर त्याहून मोठं खोटं सांगतो. त्याला सरळ गाडीवर बसवावं, दोन्ही पाय उचलायला लावावेत आणि सीट मागच्या चाकाकडे किती खाली आली ते बघावं. गाडी खोटं बोलत नाही, असं माझा धर्मामामा म्हणायचा. तो स्वतः दिवसभर खोटं बोलायचा, म्हणून त्याला गाडीचं एवढं कौतुक.

हे सगळं आत्ता आठवलं ते माझ्या नातजावयामुळे. त्यानं नवी मोटरसायकल घेतली आणि महिन्याच्या आत तिचे शॉकअप काढून टाकले. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना स्प्रिंग घातलेल्या नळ्या असतात, त्यांना आमच्याकडे सगळे शॉकअप म्हणतात. नवे शॉकअप खोक्यातून घरी आले, सोबत एक पुस्तक आलं, आणि मोबाइलवर आकडे भरायचे होते. हा ओट्यावर बसून भरत होता. मला म्हणाला, "आजी, यात चालवणाऱ्याची उंची आणि वजन टाकायचं असतं, मग ते आपोआप सांगतं किती कडक ठेवायचं." मी म्हटलं, "मग खरं टाक." त्यानं वजन चांगलं दहा किलो कमी टाकलं आणि उंची दोन बोटं वाढवली. मी म्हटलं, "एवढाच असशील तर पँटची बटणं का तुटतात?" नात हसली. तो म्हणाला, "आजी, तुम्हाला यातलं काय कळतं?" मी उठून आत गेले. मोखाड्याच्या घाटात गाडी खाली आपटेल तेव्हा त्याच्या कण्याला कळेल, मला कळायची गरज नाही.

मला यातलं जे कळतं ते जव्हारला मामाच्या दुकानात कळलं. चौथी झाली आणि मला तिथं धाडलं. धाडलं ते भांडी घासायला. आईबाप खोडाळ्याच्या बाजूला पाड्यावर. भात आणि नागली घरात आली की दोघं भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. पोरगी एकटी कुठं ठेवायची, म्हणून मामाकडे. माया वगैरे काही नव्हती. मामीला हाताखाली कुणीतरी पाहिजे होतं आणि माझ्या बापाचं एक तोंड कमी होत होतं.

पुढं दुकान, मागं एक खोली आणि चूल. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक बाकडं, भिंतीला खिळे आणि खिळ्यांना लटकवलेले पाने. सकाळी मामीच्या खोकल्यानं जाग यायची, मग जात्याची घरघर, मग कुणीतरी दारात येऊन किक मारायचा. पाच-सहा किका मारूनही गाडी सुरू झाली नाही की मामाचा चेहरा फुलायचा. खायला नागलीची भाकर आणि उडदाची आमटी, बाजार झाला असला तर सुकट. भाकरीला रॉकेलचा वास यायचा, कारण आम्ही सगळे सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचो. मामा हात न धुता जेवायला बसायचा, मी राखेनं घासून घासून बसायचे, आणि मामी म्हणायची, "भागी, तुझ्या हाताचा वास येतो भाकरीला." मामाच्या हाताला नावं ठेवायची तिची हिंमत नव्हती. आजही मला रॉकेलच्या वासानं भूक लागते. यात गोड काही नाही, एवढंच की नाकाला अक्कल नसते.

मामाचं नाव होतं ते शॉकअपसाठी. आमचे रस्ते तुम्हाला ठाऊक नसतील तर सांगते, रस्ता म्हणजे दगड आणि दगडांच्या मधली जागा. कंपनीतून गाडी येते ती कुठल्यातरी मधल्याच माणसासाठी लावलेली. फॉरेस्टचा गार्ड सहा फुटी वाळका बांबू, त्याला ती कडक; दगडावर गेली की त्याला उडवायची. शाळेचे हेडमास्तर भाताची कणगी, त्यांना ती नरम. खड्ड्यात गेली की लोखंडाला लोखंड आपटायचं. मामा माणूस बघून स्प्रिंग बदलायचा. भंगारातून आणलेल्या जाड-बारीक तारेच्या स्प्रिंगा त्याच्याकडे टोपलीभर होत्या. शिवाय शॉकअपच्या खाली तीन खाचा असतात, आकडीसारख्या वाकड्या पान्यानं त्या फिरवल्या की तीच स्प्रिंग कमीजास्त कडक होते. उंच माणसाला हँडल वर घ्यायचं, ठेंगण्याला सीटचा फोम कापायचा. पुढच्या नळ्यांत कुणाला पातळ ऑइल, कुणाला जाड. माणसाला शर्ट शिवावा तशी तो गाडी शिवायचा.

माप असं घ्यायचं. गाडी स्टँडवरून काढायची, मामा पुढून हँडल धरायचा. मागच्या चाकाच्या नटापासून सीटखालच्या खुणेपर्यंत सुतळी ताणून गाठ मारायची. मग माणूस बसवायचा आणि दुसरी गाठ. दोन गाठींत दोन बोटं अंतर पडलं तर गाडी त्या माणसाची झाली. कमी पडलं तर कडक, जास्त पडलं तर नरम. मामाचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून चाकाजवळ उकिडवं बसून सुतळी धरायचं काम माझं. गिऱ्हाईक विचारायचं, "पोरगी कशाला बसवलीस खाली?" मामा म्हणायचा, "माझी फूटपट्टी हाय ती." मी कितीतरी वर्षं फूटपट्टी होते.

आता यातली गंमत. दोन बोटं, पण कुणाची? मामाची दोन बोटं म्हणजे माझी जवळजवळ तीन. पहिल्या वर्षी मी माझ्या बोटांनी मोजलं आणि मामानं दोन थपडा दिल्या, गाड्या कडक जातात म्हणून. मग मी त्याच्या बोटांचं माप सुतळीवर शाईनं काढून घेतलं. पण हातोडी मारून मारून मामाची बोटं दर वर्षी फुगत होती, आणि तो दर वर्षी नव्यानं माप द्यायचा. त्याची बोटं जाड होत गेली तशा जव्हारच्या गाड्या नरम होत गेल्या. हेडमास्तर तीनदा येऊन गेले, मामानं तिन्ही वेळा रस्त्याला शिव्या दिल्या. मी एकदा गुपचूप माझ्या, एव्हाना वाढलेल्या, बोटांच्या मापानं खाच फिरवली. हेडमास्तर परत आले नाहीत. तेव्हापासून मी मामाला त्याचं माप दाखवायचे आणि गाडी माझ्या मापानं लावायचे. त्यानं मरेपर्यंत कळल्याचं दाखवलं नाही.

अशात यशवंता आला. सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यावरचा, वीटभट्टीवर माणसं नेणारा मुकादम. माझा बाप त्याच्याच टोळीत होता. काळी मोटरसायकल, काळा चष्मा, आणि भिवंडीहून उचललेली हिंदी. बुटका आणि रुंद. गाडीवर बसला की पायाची नुसती बोटं जमिनीला टेकायची, म्हणून तो थांबायचा तेव्हा आधी दगड शोधायचा.

"धर्माशेठ, गाडी नरम हाय. खड्ड्यात खाली ठोकते," तो म्हणाला. "आणि उंच पन वाटते थोडी."

"नरम पन आणि उंच पन?"

"हां. तो कडक करने का और नीचे लेने का. भिवंडीत एका मिनिटात करतात."

"मग भिवंडीतच का नाय केली?" मी खालून विचारलं.

मामानं डोळे वटारले. यशवंतानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. टोळीत घ्यायच्या माणसाकडे बघतात तसं, किती विटा उचलेल. "तेज हाय पोरगी," तो म्हणाला.

मामानं वजन विचारलं. तो म्हणाला साठ. मी सुतळी धरली. माझ्या बोटांनी चार बोटं आणि वर थोडं. मी म्हटलं, "साठाला एवढी दबत नाय."

"खिशात पाकीट हाय," तो म्हणाला.

मामा हसला. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक विनोदाला तो हसायचा. मग त्यानं समजावून सांगितलं की स्प्रिंग जाड घालू, गाडी दबणार नाही, पण मग ती आणखी उंच वाटेल, म्हणून सीटचा फोम कापावा लागेल. यशवंता म्हणाला, "सीटला हात लावायचा नाय. लोक काय बोलतील?" म्हणजे पाय पोचत नाही ते चालेल, पण पोचत नाही म्हणून काही केलंय हे दिसायला नको. अशी माणसं मी पुढं पुष्कळ बघितली. त्यांना गाडी नको असते, आरसा पाहिजे असतो. "आणि मागं कुणी बसतं का?" मामानं विचारलं. हे नेहमी विचारायचो, कारण माणूस जसा जातो तसा तोलावा लागतो, बायको, पोतं, डबा, सगळं धरून. यशवंता म्हणाला, "मी एकटाच फिरतो."

गाडी ठेवून तो भट्टीवर गेला आणि आठ दिवसांनी त्याचा निरोप आला. गाडीचा नाही, माझा. त्याला मी पाहिजे होते. जव्हारात राहिलेली, चिठ्ठी वाचता येणारी. बापानं तिकडून हो म्हणून पाठवलं होतं. मामानं ते मला जेवताना सांगितलं, सुकट चावता चावता. "तुझ्या बापाला आता विटा उचलाव्या लागणार नाय," तो म्हणाला. "मुकादमाचा सासरा सावलीत बसेल." मी विचारलं, "आणि तुला काय?" तो म्हणाला, "त्याच्या वळखीच्या समद्या गाड्या इकडं येतील." एवढ्या उघडपणे सांगितलं याचं मला तेव्हा बरंच वाटलं. मी सोळा वर्षांची होते आणि मला कुणी विचारलं नव्हतं, ही काही मोठी गोष्ट नव्हती. आमच्यात कुणालाच विचारत नसत.

दुसऱ्या दिवशी मी त्याची गाडी खोलायला घेतली. शॉकअप काढले, स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुतल्या आणि फरशीवर उभ्या ठेवल्या. डावी स्प्रिंग उजवीपेक्षा अर्धं बोट बसकी होती. मग मागं बसणाऱ्याचे फूटरेस्ट बघितले. डाव्या फूटरेस्टचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, लोखंड दिसत होतं. उजवा फूटरेस्ट वर दुमडलेला होता तो तसाच गंजून बसला होता. मी पाना अडकवून ओढला तरी उघडेना. म्हणजे त्या बाजूला कुणी कधी पाय ठेवलाच नव्हता. मागं जे कुणी बसत होतं ते दोन्ही पाय डावीकडे सोडून बसत होतं, आणि एकदा-दोनदा नव्हे, रबर झिजेपर्यंत. पुरुष तसा बसत नाही.

मी मामाला बोलावून दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं, म्हणजे त्याला कळलं. मग म्हणाला, "रस्ता कलता हाय, त्यानं डावी बसली."

"जाताना डावीकडं कलतो तो येताना उजवीकडं कलतो, मामा."

"मग आई बसत असल त्याची."

चुलीजवळून मामी म्हणाली, "तुला काय नवीन हाय गं त्यात? पाड्यावर लगीन मागाहून असतं, नांदणं आधी. असल ठेवलेली घरात कुणी. तू लगीन लावून जाशील, तू मोठी." हे खरं होतं. आमच्याकडे माणसं चार-चार वर्षं एकत्र राहून, पोरं झाल्यावर लगीन लावतात, त्यात कुणी नाक मुरडत नाही. पण मग ती त्याची बायकोच झाली. लगीन लावायचं तर तिच्याशी लावायचं. ती राबून राबून रबर झिजवणार आणि मी चिठ्ठी वाचते म्हणून वर जाऊन बसणार? मला तिची कणव आली असं समजू नका. मला राग आला तो याचा की मला गाडीतलं कळतं हे ठाऊक असून मामा, मामी आणि यशवंता, तिघांनीही मला मूर्ख धरलं होतं. गाडी जोडली. जाड स्प्रिंगा घातल्या, दोन्हीकडे सारख्या. सगळीकडे तेल दिलं. उजव्या फूटरेस्टला मात्र दिलं नाही.

लगीन ठरवायच्या सुपारीच्या दिवशी यशवंता आला, सोबत त्याची आई आणि दोन काका. खोलीत मावेनात म्हणून बाकडी दुकानासमोर मांडली. शेजारचे चारजण येऊन उभे राहिले. आत मामी कोंबडीचा रस्सा शिजवत होती, मामानं नवी टोपी घातली होती. गाडी पुसून समोर उभी केलेली. यशवंता चष्मा लावून गाडीला टेकून उभा होता, कारण टेकलं की माणूस बुटका आहे की नाही ते नीट कळत नाही.

मी चहा दिला. त्याच्या आईनं कप घेतला आणि विचारलं, "झाली का गं पोरी माज्या लेकाची गाडी?"

"झाली," मी म्हटलं. "दोघांच्या वजनाला लावलीय."

थोरला काका मांडीवर थाप मारून हसला. "आतापासून दोघांचं धरलं पोरीनं!" सगळे हसले. मामा सगळ्यांत मोठ्यानं.

"माझं नाय धरलं," मी म्हटलं. "आधीपासून बसते तिचं धरलं."

यशवंतानं चष्मा काढला. "कोन बसते? मी एकटा फिरतो."

त्याची आई हुशार. ती लगेच म्हणाली, "मीच बसते की. बाजाराला मी बसते, दवाखान्याला मी बसते. आईनं बसू नाय का लेकाच्या मागं?"

"बसा की," मी म्हटलं. "आत्ता बसून दाखवा. मी सुतळी लावते, कमीजास्त असलं तर खाच फिरवून देते."

मामा म्हणाला, "भागी, आत जा." पण थोरल्या काकाला गंमत वाटत होती. तो म्हणाला, "बस गं वहिनी, त्यात काय."

म्हातारी उठली. आधी गाडीभोवती फिरली, कुठून चढायचं ते बघत. मग उजवीकडून, सायलेन्सरवर पाय देऊन, बैलगाडीत चढावं तशी चढली. गुडघ्यापर्यंतचं कासोट्याचं लुगडं, त्यामुळे ती पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि विजयानं इकडेतिकडे बघू लागली. डावा पाय फूटरेस्टवर सापडला. उजवा नुसता लोंबत राहिला. ती पायानं चाचपत होती.

"तो फूटरेस्ट खाली ओढा," मी म्हटलं.

यशवंता वाकला. ओढला. आला नाही. लाथ मारली. आला नाही. मुकादम, चाळीस माणसांना उठबस करायला लावणारा, घामाघूम होऊन एका गंजक्या लोखंडाशी झोंबत होता आणि त्याची आई एक पाय हवेत सोडून गाडीवर बसली होती. शेजाऱ्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. थोरला काका उठला, फूटरेस्टजवळ तोंड नेऊन बघितलं, मग डावीकडे जाऊन झिजलेलं रबर अंगठ्यानं चोळलं. तो माणूस साधा होता, पण शेतात राबलेला होता. कशानं काय झिजतं ते त्याला सांगावं लागलं नाही.

"वहिनी, उतर," तो म्हणाला. मग यशवंताकडे वळून म्हणाला, "तू बोललास, घरात नांदत होती ती गेली आपल्या आयसकडं परत."

यशवंता आई उतरल्यावर गाडीवर बसला आणि आईला, काकांना तिथंच सोडून निघाला. गाडी दोघांच्या वजनाला लावलेली आणि हा एकटा. नाक्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात गाडीनं त्याला सीटवरून वीतभर उडवला. तो खाली आला, पुन्हा उडाला. वळण येईपर्यंत आम्ही सगळे बघत होतो. काकांना मामी म्हणाली, "कोंबडी तर शिजलीय." ते बसले आणि पोटभर जेवले. त्याची आईही जेवली. दोनदा रस्सा मागून घेतला.

मामानं मला त्या संध्याकाळी मारलं आणि सकाळच्या एसटीत बसवून पाड्यावर धाडलं. सहा महिन्यांनी तो परत न्यायला आला. माफी वगैरे नाही. "गाड्या नीट लागत नाय," एवढंच म्हणाला, स्वतःच्या बोटांकडे बघत. मी गेले, कारण मला तेच काम येत होतं. बाप भट्टीवरून आला तेव्हा म्हणाला, "गाडीच बघायची होती तर डोळे मिटून बघायची होतीस." त्यानं पुढं कितीतरी वर्षं विटाच उचलल्या, पाठ वाकेपर्यंत. माझ्यामुळे. मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिलं तर ते माझं खोटं होईल. पण पोरगी देऊन सावली घेणाऱ्या माणसाला उन्हात बघून जेवढं वाटायला पाहिजे तेवढंच वाटलं.

मामा न्यायला यायच्या आधीची गोष्ट. मी खोडाळ्याच्या बाजारात सुकट घ्यायला गेले होते. समोरून ती काळी गाडी आली. यशवंता चष्मा लावून पुढं, आणि मागं ती, दोन्ही पाय डावीकडे सोडून. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. गळ्यात काळी पोत, कोरी. काकांनी लगीन लावून दिलं असणार. तिला कुणीतरी सांगितलं असणार की हीच ती जव्हारची, तुझ्या माणसावर टपलेली. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, सुकटीच्या पाटीत मेलेली माशी बघावी तसं, आणि पदर ओढून त्याच्या पाठीला आणखी चिकटून बसली. तिला वाटलं असेल मी जळतेय.

तिच्या तोंडाकडे माझं लक्षच नव्हतं. बाजाराच्या तोंडाशी मोठा खड्डा होता आणि गाडी त्यात चालली होती. चाक खाली गेलं, स्प्रिंग दबली, गाडी वर आली. आपटली नाही, उडाली नाही. पुढं सपाटीला लागल्यावर मी चाकाच्या नटापासून सीटखालपर्यंत नजरेनं मोजलं. दोन बोटं. माझी.